तोबा सरोवरातील एक दिवस
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याला कुणी ना कुणी आपल्यापुढे बोलायला उभी राहते. आज ती पाळी माझ्यावर आली आहे. चिटणीसबाईंनी मला ‘परदेशप्रवासातील अनुभव’ असा भारदस्त विषय दिला आहे. पण माझा परदेश म्हणजे लेकीचे बिऱ्हाड, आणि माझा प्रवास म्हणजे तिच्या स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत! त्यातून खरी बाहेर पडले ती एकच दिवस. त्या एका दिवसाची हकीकत तेवढी सांगते. व्याख्यान वगैरे माझ्याच्याने व्हायचे नाही.

आधी थोडी घरची गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे नीट समजायचे नाही. माझी धाकटी मुलगी इंडोनेशियात, सुमात्रा बेटावर मेदान नावाच्या शहरात असते. जावईबापू पामतेलाच्या व्यवसायात आहेत. 2024 साली तिला दिवस राहिले. पहिलटकरणीने माहेरी यायचे ही आपली रीत. मी सहाव्या महिन्यातच बोलावणे धाडले. तिचे उत्तर आले, “आई, इथले डॉक्टर चांगले आहेत. मी इथेच राहीन म्हणते. तूच ये ना!”

हे उत्तर मला फार लागले. मी आपल्या सभेतही बोलून गेले होते, ‘मुली शिकल्या म्हणजे त्यांना माहेर नकोसे होते.’ आपणांपैकी पुष्कळजणींना ते आठवत असेल. आपण माझी समजूत घातलीत, आणि चारजणींनी मिळून दुपटी, झबली, टोपरी शिवून गाठोडेही बांधून दिलेत. ते गाठोडे घेऊन मी ऑगस्टमध्ये मेदानला गेले. गेले खरी, पण मनात अढी धरून गेले. मुलीला सातवा लागला होता. मी तिला हवे-नको बघत होते, खायला करून घालीत होते, पण दोघी मोकळेपणाने बोलत नव्हतो. ‘भात आणखी वाढू का?’ आणि ‘नको, पुरे’ एवढेच आमचे संभाषण! मेदानमध्ये तमिळ लोकांची जुनी वस्ती आहे, मरिअम्मनचे 1884 सालचे देऊळ आहे, त्यामुळे कढीलिंबासाठीसुद्धा अडत नव्हते. अडत होते ते बोलण्यात.

हे सारे जावईबापूंच्या लक्षात आले असावे. एका शुक्रवारी ते म्हणाले, “आई, उद्या तुम्हांला तोबा सरोवर दाखवतो. आज पारापातला मुक्काम करू, म्हणजे हिलाही दगदग होणार नाही.” मेदानपासून पारापात पावणेदोनशे किलोमीटरांवर, सरोवराच्या काठी आहे. डॉक्टरांना विचारून घेतले आणि निघालो.

सकाळी खिडकी उघडली आणि समोर पाहतच राहिले. आपण सरोवर म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे लोणार येते. लोणारचे तोंड जेमतेम पावणेदोन किलोमीटरांचे, आणि ते झाले आकाशातून पडलेल्या अशनीमुळे. तोबाचे तसे नव्हे. ते ज्वालामुखीचे तोंड आहे, आणि लांबी सुमारे 100 किलोमीटर व रुंदी 30 किलोमीटर! पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरांवर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही थोडे उंच. त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही हवा अशी की मी सकाळी शाल घेतली. चहूकडे हिरवे उभे कडे, आणि मधोमध समोसिर नावाचे बेट. बेट तरी केवढे? जवळजवळ आपल्या बृहन्मुंबईएवढे!

हे झाले कसे, ते जावईबापूंनी समजावून सांगितले. सुमारे 74,000 वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. दोन हजार घन किलोमीटरांहून अधिक खडक आणि राख बाहेर पडली. पोटातले सगळे निघून गेल्यावर वरची जमीन खाली खचली, आणि त्या खड्ड्यात पाणी साठत गेले. पुढे खालून पुन्हा दाब आला आणि तळाचाच एक भाग हळूहळू वर उचलला गेला. तेच हे बेट. सरोवराच्या तळाशी बसलेला गाळ आज बेटाच्या डोक्यावर सापडतो. पश्चिमेला पांगुरुरानजवळ हे बेट पूर्वी जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीने काठाला जोडलेले होते. डचांच्या अमलात तिथे कालवा खणला तेव्हा ते चारी बाजूंनी सुटे झाले. आता त्या कालव्यावर पूल आहे.

तोबाचे नाव मला अगदीच नवे नव्हते. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. आमच्याकडे कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तिथल्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे आदिमानवाची दगडी हत्यारेही शोधली आहेत. ती राख तोबाची आहे. आता सांगितलेल्या स्फोटातली, की तोबाच्याच त्याहून जुन्या स्फोटातली, यावर विद्वानांचा वाद चालला आहे. माझ्या भावाने निघताना मला सांगितले होते, “ताई, तिथली राख आपल्या नदीवर येऊन पडली आहे. तू परतभेटीला चालली आहेस असे समज.” तेव्हा मी हसले नव्हते. मनःस्थितीच तशी नव्हती.

असो. आता बोटीकडे वळते.

बेटावर जायला लाकडी बोटी असतात. खाली बाके, वर छत. बाजार करून परतणाऱ्या बायका, टोपल्या, तांदळाची पोती, एक-दोन मोटारसायकली, असा सारा सरंजाम. छताला नारिंगी रंगाची लाइफ जॅकेटे टांगलेली होती, पण अंगात कुणाच्याच नव्हती. जावईबापूंनी बोलण्याच्या ओघात सांगून टाकले, की 18 जून 2018 रोजी याच सरोवरात एक बोट बुडाली. ईदच्या सुट्टीचे दिवस होते. बोट समोसिरवरील सिमानिंदोहून पलीकडच्या काठाला निघाली होती, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे भरली होती, आणि हवा बिघडली. उतारूंची यादीच केलेली नव्हती. त्यामुळे आत किती माणसे होती ते कुणालाच ठाऊक नव्हते. घरचे लोक काठावर येऊन आपापल्या माणसाचे नाव सांगत तसतसा आकडा वाढत गेला. दीडशेहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. बोट पुढे सापडली, पण सुमारे 450 मीटर खोल. ती तिथेच राहिली.

हे ऐकल्यावर मी कसली स्वस्थ बसते! मी मुलीला म्हटले, “ते जाकीट घाल.” ती म्हणाली, “आई, कुणी घालतंय का? सगळे बघतील.” मी म्हटले, “बघू देत.” ती म्हणाली, “तुझं नेहमीचंच!” झाले, आठ दिवस दाबून ठेवलेले भांडण बोटीवर फुटले. मी उठले, एक जाकीट ओढून काढले आणि माझ्याच अंगात घातले. खाली नऊवारी, वर नारिंगी जाकीट! समोरच्या बायका तोंडाला पदर लावून, म्हणजे त्यांचा जो काही रुमाल होता तो लावून, हसू लागल्या.

समोर एक आजीबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. पायांशी भाजीची टोपली. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उठून एक जाकीट घेतले, स्वतःच्या अंगात चढविले, दुसरे मुलीच्या मांडीवर ठेवले, आणि पाण्याकडे बोट करून एकच शब्द उच्चारला, “दालाम.” दालाम म्हणजे खोल. मुलीने निमूटपणे जाकीट घातले. मग काय गंमत झाली असेल! हसणाऱ्या बायकांपैकी दोघींनी आपल्या पोरांना जाकिटे चढविली.

आपल्या मंडळाची सहल पुढल्या महिन्यात लाँचमधून जायची आहे, म्हणून जाता जाता सांगते. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीच्या लाँचला झालेला अपघात आपण विसरलेल्या नाही. सहलीला येणाऱ्या प्रत्येकीचे नाव मी कागदावर लिहून घेणार आहे. एक प्रत काठावर ठेवायची, आणि जाकीट घातल्याशिवाय लाँच हलू द्यायची नाही. मला हसलात तरी चालेल, मला आता सवय झाली आहे.

तोमोक गावी उतरलो. आजीबाईंचे घर तिथून जवळच होते. परत जाताना या, असे त्यांनी सांगितले. तिथले लोक बाताक जमातीचे. बहुतेक ख्रिस्ती आहेत. नोमेनसेन नावाचे जर्मन मिशनरी 1862 साली सुमात्रात आले, त्यांच्या कार्यापासून हा धर्म तिथे फैलावला. गावोगाव उंच मनोऱ्याचे चर्च दिसते. पण देवाला त्यांच्या भाषेत शब्द आहे ‘देबाता’. आपला ‘देवता’ शब्दच तो! नमस्काराला म्हणतात ‘होरास’, आणि तोही असा खणखणीत, की एखाद्याने आरोळी ठोकावी.

तोमोकला सिदाबुतार घराण्याच्या राजांच्या दगडी शवपेट्या आहेत. एकसंध दगड कोरून केलेल्या, आकार नावेसारखा आणि पुढच्या टोकाला भलामोठा मुखवटा. आत जाण्यापूर्वी पाहुण्यांच्या खांद्यावर एक विणलेले वस्त्र टाकतात. त्याला ‘उलोस’ म्हणतात. माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत प्रत्येक प्रसंगी त्यांच्याकडे उलोस द्यावा-घ्यावा लागतो. पुढे सिगाले-गाले नावाची लाकडी बाहुली पाहिली. माणसाएवढी, दोऱ्यांनी नाचणारी. एका राजाचा एकुलता एक मुलगा वारला, तेव्हा त्याचे मन रमावे म्हणून मुलासारखी बाहुली घडविली, अशी कथा सांगतात. बाहुलीचे हात वळत होते, मान डुलत होती. माझी मुलगी तिथे फार वेळ थांबली नाही. मीही आग्रह केला नाही.

तिथून मोटारीने अंबारिताला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना भातशेते, आणि शेतांच्या मध्येच पूर्वजांची मोठमोठी थडगी, घरांपेक्षाही नटविलेली! अंबारिताला एका जुन्या झाडाखाली दगडी खुर्च्या मांडलेल्या आहेत. पूर्वी गावचा मुखिया आणि वडीलधारी माणसे तिथे बसून न्याय करीत, आणि भारी गुन्ह्याला शिरच्छेदाची शिक्षा देत. वाटाड्या ती हकीकत असा रंगवून सांगत होता, की मी मुलीला म्हटले, “चल गं, पोटात बाळ आहे, असलं ऐकायचं नाही.” ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

जेवायला ‘आरसिक’ नावाचा मासा घेतला. कार्प जातीचा आख्खा मासा हळद आणि मसाल्यात, रस आटेपर्यंत मंद शिजवितात. पहिला घास तोंडात घातला आणि मी थबकले. माझे सासर मालवणकडचे. जिभेला ती ओळखीची झिणझिणी आली. “अगं, हे तिरफळ!” तिथे त्याला ‘आंदालिमान’ म्हणतात. आपल्या तिरफळाच्याच कुळातले ते फळ आहे, मात्र वासाला जरा लिंबाच्या अंगाचे. मुलगी म्हणाली, “मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हटलं, आईला हेच खायला घालू.” मी काही बोलले नाही, पण मासा सगळा संपविला.

दुपारी आजीबाईंच्या घरी गेलो. जुने बाताक घर म्हणजे लाकडी खांबांवर उचललेले, आणि छप्पर दोन्ही टोकांना वर निमुळते होत गेलेले, घोड्याच्या खोगिरासारखे. जिन्याने वर चढायचे आणि दार इतके बुटके की मान लववूनच आत जावे लागते. दर्शनी भिंतीवर तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत कोरीव काम. त्यात एक पाल आणि तिच्यासमोर चार वाटोळी उंचवटे. “हे काय?” मी विचारले.

आजीबाई चांगली दोन मिनिटे बोलल्या. जावईबापूंनी ऐकले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “सुपीकतेचं चिन्ह आहे.” दोन मिनिटांच्या बोलण्याचे भाषांतर तीन शब्दांत! मुलगी खुदकन हसली. म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा. मी सांगते.” ते बिचारे सुटल्यासारखे खाली गेले.

“आई, ते स्तन आहेत. आईचे. आणि ती पाल म्हणजे आम्ही, असं त्या म्हणतात. पाल कुठल्याही घरात राहते, कुठल्याही भिंतीला चिकटते. तसं बाताक माणसाला कुठेही जाऊन राहता आलं पाहिजे. पण पालीचं तोंड कुणाकडे आहे ते बघ.” मी पाहिले. तोंड त्या स्तनांकडे होते. “म्हणजे,” मुलगी अडखळली, “म्हणजे कुठेही गेलं तरी...” आणि पुढचे ती बोललीच नाही. बोलायची गरजही नव्हती. आजीबाई एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या.

आत माग होता. आपल्याकडच्यासारखा खड्ड्यातला नव्हे. बाई जमिनीवर पाय लांब करून बसते, मागाचा पट्टा कमरेमागे अडकविते, आणि स्वतःच्या अंगानेच ताणा ताणून धरते. अंग सैल सोडले की सूत सैल. एक उलोस विणायला कित्येक दिवस जातात. आजीबाईंनी विचारले, “बाळंतपण कुणाच्या घरी?” मुलगी म्हणाली, “माझ्याच. मेदानला.” आता या बाई मुलीला बोल लावतील, अशी मी वाट पाहत होते. खरे सांगते, मला ते हवे होते.

त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. आमच्याकडे आईच जाते.”

मग त्यांनी सांगितले, की लेकीला दिवस गेले म्हणजे सातव्या महिन्यात माहेरची माणसे तिच्या घरी जातात. सोबत शिजविलेला मासा आणि उलोस. मासा तिला भरवायचा, उलोस तिच्या खांद्यावर घालायचा. मूल झाले की पुन्हा जायचे. माहेर ज्याने त्याने खांद्यावर वाहून न्यायचे असते! मी भिंतीला टेकून बसले होते. आपले डोहाळजेवण माझ्या डोळ्यांपुढे आले. तेच ते, फक्त चालायचे कुणी एवढाच फरक. आणि मी तर गाठोडे घेऊन सातव्याच महिन्यात पोचले होते! रीत माझ्या हातून पार पडली होती, कुरकुरत का होईना.

मी आजीबाईंकडून एक उलोस घेतला. त्याला ‘मंगिरिंग’ म्हणतात. पहिल्या नातवंडाला अंगाशी बांधून घ्यायला तो देतात. पैसे दिलेच, पण तेवढ्याने मन भरेना. तुम्ही दिलेल्या गाठोड्यातले एक दुपटे पिशवीत होते. वाटेत मुलीला पाठीशी घ्यायला म्हणून बरोबर ठेवले होते. ते मी आजीबाईंच्या हातात ठेवले. त्यांनी उलटून टाके पाहिले. जी विणते ती उलटी बाजू आधी पाहते, हे तिथेही तसेच! मग म्हणाल्या, “मौलिआते.” म्हणजे आभार. ज्या भगिनीने ते दुपटे शिवले तिने हे आभार आपले समजावेत.

परतताना बोटीत मी काही सांगितले नाही. मुलीने आपणहून जाकीट घातले. पोटावरून बंद बसेना, तेव्हा वरचाच बांधला. मग माझ्या जाकिटाचा बंदही तिनेच बांधला. काठ जवळ येईतो ती बोलत होती. झोप लागत नाही, रात्री भीती वाटते, इथल्या दवाखान्यात भाषा पुरेल का, सगळे सांगितले. आठ दिवसांत मी एकदाही विचारले नव्हते. मी समजत होते, तिला माहेर नको आहे. तिला विमानाच्या प्रवासाची धास्ती होती, आणि ती मला सांगायची लाज वाटत होती, कारण मी चिडले होते.

पुढच्याच आठवड्यात मेदानला डोहाळजेवण केले. शेजारच्या बाताक बाईने आरसिक मासा आणला आणि माझ्या हातूनच पहिला घास भरवायला लावला. ऑक्टोबरात नात झाली. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, तेल लावणे, सारे यथासांग झाले, फक्त गाव वेगळे होते. माझ्या भावाला मी पत्र लिहिले, की तुझ्या राखेची परतभेट पोचली.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी आज दूर आहेत. कुणाची अमेरिकेत, कुणाची बंगळुरात. पुढच्या वेळी ‘मुलगी आली नाही’ असे कुणी म्हणाली, तर तिला आधी विचारू या, की तू का जात नाहीस? आणि जिला खरेच जाता येत नसेल, तिच्यासाठी मंडळाचे गाठोडे आहेच.

तो उलोस मी आज मुद्दाम आणला आहे. नात आता चालू लागली, तिला अंगाशी बांधायची वेळ सरली, म्हणून मुलीने तुम्हांला दाखवायला धाडला. तो हातोहात फिरवा, उलटी बाजूही पाहा. पण शेवटच्या रांगेतून माझ्याकडे परत येऊ द्या बरे का. तो माझा नव्हे, नातीचा आहे.